एकच लूप होता हो!

अरे, स्टॅक, क्यू तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. मला बोलायचंय ते तिसऱ्या वर्षातली माझी ऑनलाइन टेस्ट घालवणाऱ्या एका ओळीबद्दल. 'टाइम लिमिट एक्सिडेड' (म्हणजे कोडने ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ घेतला) दिसलं की अजून पोटात गोळा येतो.

प्रश्न साधा होता. ग्राफमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या ठिपक्यांच्या जाळ्यात, १ लाख नोड (ठिपके), पहिल्यापासून किती नोडपर्यंत पोचता येतं ते मोजा. बीएफएस (आधी जवळचे, मग लांबचे नोड क्यू लावून पाहत जायची पद्धत) मी झोपेतही लिहिला असता. पायथॉनमध्ये लिहिला, नमुन्याच्या पाच नोडवर उत्तर बरोबर, सबमिट केला आणि लटकला. उरलेली चाळीस मिनिटं मी लूप मोजत बसलो. जादा लूप सापडेना.

नंतर एका सीनियरला कोड दाखवला. त्याने 'नॉट इन व्हिजिटेड'वर (हा नोड आधी पाहिलेला नाही ना, ते तपासणाऱ्या ओळीवर) बोट ठेवून विचारलं, "ही ओळ आत काय करते?" आणि गेला चहाला! तेव्हा राग आला होता. आज वाटतं, आयतं उत्तर देणाऱ्यापेक्षा असा माणूस बरा.

व्हिजिटेड ही मी लिस्ट ठेवली होती. लिस्टमध्ये 'इन' म्हटलं की पायथॉन पहिल्या घरापासून एकेक दार ठोठावत जातो. नोड नवा असेल तर थेट शेवटपर्यंत. पहिल्या नोडला शून्य दारं, शेवटच्याला जवळपास १ लाख. बेरीज करा, ५०० कोटींच्या घरात जाते. लूप होताच, फक्त 'इन'च्या पोटात. लिस्टऐवजी सेट घेतला की हॅशवरून थेट जागा कळते, सरासरी एका झटक्यात. (रिकामा सेट नुसत्या महिरपी कंसांनी होत नाही, त्याने डिक्शनरी बनते. इथेही मी आपटलोय.)

क्यूसाठी लिस्ट घेऊन पॉप झीरोने पहिला नोड काढायचो, त्याचंही तेच. पुढचा काढला की मागची सगळी रांग एकेक घर सरकते. तिथे डेक (दोन्ही टोकांनी झटपट काढता-घालता येणारी रांग) वापरा.

'पंधरा दिवसांत डीएसए' (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) कोर्सवर पैसे घालवू नका, मी घालवलेत. पाठ केलेला पॅटर्न नमुन्याच्या टेस्टवर चालतो, १ लाखावर उघडा पडतो. म्हणून सबमिट करण्याआधी स्वतःच मोठा इनपुट बनवून चालवा, पाच ओळींचं काम आहे.

आणि रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) डोक्यात शिरत नसेल तर घाबरू नका. मला अख्खं सेमिस्टर लागलं होतं, आणि ट्री अजूनही मी कागदावर काढूनच सोडवतो.