पालखीच्या मुक्कामात अभ्यासाला उतरताय? या चुका टाळा

ज्येष्ठ वद्यात देहू आणि आळंदीहून निघालेल्या पालख्या पुण्यात दोन रात्री थांबतात. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माऊलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. धर्माचा समाजशास्त्रीय अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला घरापासून इतक्या जवळ एवढं मोठं क्षेत्र दुसरं मिळणार नाही. म्हणून प्रश्नावल्यांचे गठ्ठे घेऊन मुलं या पेठांत उतरतात. गठ्ठे भरतात, हाती मात्र थोडंच लागतं.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच प्रश्नात होते : "तुम्ही वारी का करता?" उत्तर ठरलेलं. "माऊली बोलावते." "वडिलांपासून चालत आलंय." "समाधान मिळतं." या उत्तरांत खोटं काहीच नाही, पण साठ जणांना विचारलंत तर वहीत तेच वाक्य साठदा उतरतं. 'का' विचारलं की माणूस कीर्तनात ऐकलेल्या भाषेत बोलतो, कारण असल्या गोष्टींविषयी बोलायची भाषा त्याला तिथूनच मिळालेली असते.

त्यापेक्षा वस्तूंबद्दल आणि माणसांबद्दल विचारा. गळ्यातली माळ कधी घातली, कोणाच्या हातून? घातल्यावर काय सोडावं लागलं? दिंडीची भिशी, म्हणजे वाटखर्चाची वर्गणी, किती, त्यात जेवणाशिवाय काय येतं, ट्रकचं भाडं कशातून जातं? यंदा पेरणी कोणावर सोपवून आलात? घरात माळ नसलेलं कोण आहे, आणि घरात मटण शिजलं तर तुमचा स्वयंपाक वेगळा होतो का? नुसत्या माळेच्या प्रश्नातून गुरू, फड (म्हणजे वारकऱ्यांची गुरुपरंपरा), सासर-माहेर, दारू सुटल्याची हकीकत, भावकीतला अबोला असं सगळं बाहेर येतं. लग्नानंतर सासरच्या फडाची माळ घालणारी बाई आणि माहेरची माळ तशीच ठेवणारी बाई यांचा 'वारकरी' असण्याचा अर्थ एकच नसतो, आणि प्रश्नावलीच्या चौकटीत तो फरक कधीच दिसत नाही. दोनशे फॉर्म भरण्यापेक्षा दहा-बारा जणांशी तासतासभर बसा.

वेळ चुकली तरी काम बिघडतं. विणेकऱ्याला गाठून मुलाखत मागू नका. वीणा खाली ठेवायची नसते, दुसऱ्याच्या गळ्यात दिल्याशिवाय त्याला हलता येत नाही. त्याऐवजी ती देण्याघेण्याचा क्षण बघा. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, तिथे वयाचं मोठेपण चालत नाही. रिकामे बसलेले बहुतेक पुरुषच असतात, त्यामुळे सोयीनं निवडलेला नमुना पुरुषांचाच होतो. बायका पहाटे आंघोळी-धुण्यात आणि संध्याकाळी चुलीपाशी असतात. दुपारच्या जेवणानंतरचा तास-दीड तास त्यांचा. बोलायला बाईच गेली तर बरं, आणि भाजी निवडायला हात लावलात तर आणखी बरं. ध्वनिमुद्रण मात्र विचारूनच करा.

मिरवणूक संपली की वही मिटू नका. तळावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, समाजआरती होते : सगळ्या दिंड्या एकत्र जमून करतात ती आरती. शिस्त बघणाऱ्या चोपदारानं हातातला चोप (दंड) वर केला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिच्यापाशी जाऊन ऐकून घेतो आणि तिथंच निवाडा होतो. हरवल्या-सापडल्याची दवंडीही तिथंच. भक्तीच्या समूहाला स्वतःची शिस्त आणि न्याय कसा असतो हे एवढं स्वच्छ क्वचितच बघायला मिळतं. त्यासाठी दिवे घाट चढून सासवडपर्यंत जावं लागलं तरी जावं.

त्या घाटात एक दिवस चालणारे पुष्कळ पुणेकर असतात. त्यांचा अभ्यास जरूर करा, पण 'वारकरी' या रकान्यात त्यांना टाकू नका. माळकरी, नेमानं चालणारा, नवसापुरता आलेला आणि एक दिवस चालणारा असे चार गट वेगळे नोंदवले तरी विश्लेषण पुष्कळ सुधारतं.

निष्कर्ष आधी ठरवून येणं ही अभ्यासकाची जुनी खोड. 'वारीत जातिभेद नाही' हे वाक्य प्रकल्पात लिहायचं असेल तर पंगत बघितल्याशिवाय लिहू नका. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं : ब्राह्मण आणि मराठा मंडळी एकत्र गात होती, जेवत मात्र वेगळी होती. आज तुमच्या दिंडीत काय चालतं? कोण रांधतं, कोण वाढतं, पाण्याच्या टँकरपाशी कोण थांबतं? जे दिसेल ते तसंच लिहा. समतेची भाषाही खरी आणि वेगळं ताटही खरं, म्हणून दोन्ही नोंदवा.

शब्दांकडे लक्ष द्या. 'धर्म', 'पंथ', 'संप्रदाय' हे एकमेकांऐवजी वापरू नका आणि समोरच्याचा शब्द सुधारू नका. कॅम्पातल्या १८६७ च्या ज्यू प्रार्थनास्थळाला पुणेकर लाल देऊळ म्हणतात. वहीत आधी 'लाल देऊळ' येऊ द्या, 'सिनेगॉग' नंतर.

अभंग उद्धृत करताना 'तुका म्हणे' आहे एवढ्यावर विसंबू नका. सरकारनं छापलेल्या तुकोबांच्या गाथेतला क्रमांक जोगमहाराजांनी संपादलेल्या गाथेत जुळत नाही. प्रत आणि क्रमांक दोन्ही द्या. आणि अभंगात आहे म्हणून आजचे वारकरी तसं वागतात असं धरू नका.

शेवटी तारखा, कारण तपासणारे इथे हमखास बोट ठेवतात. शालिवाहन शकावरून इसवी सन काढताना शकात सरसकट ७८ मिळवू नका. चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येतं, बरोबर साल १६३० आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. म्हणून आळंदीच्या प्रस्थानाची आपली ज्येष्ठ वद्य अष्टमी हिंदी पुस्तकात आषाढ कृष्ण अष्टमी दिसेल. दिवस तोच. दोन वर्षांची तुलनाही इंग्रजी तारखेवर करू नका : आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला. मधल्या अठरा दिवसांत पाऊस आणि पेरणी दोन्ही बदलतात, आणि चालायला कोण मोकळा आहे हेही त्याबरोबर बदलतं.