घरचा हिशोब दोघांनाही यायला हवा: निवृत्तीआधी उरकायची कामं

बहुतेक घरांत नवराबायकोत कामांची वाटणी ठरलेली असते. पॉलिसी, एफडी, इन्कम टॅक्स त्याच्याकडे. किराणा, भिशी, दागिने तिच्याकडे. एकाला अचानक दवाखान्यात दाखल करावं लागलं की दुसऱ्याची शोधाशोध सुरू होते. ते टाळण्यासाठी दोन-तीन रविवार काढा.

आधी एक वही घाला. अ‍ॅप नको, साधी वहीच. प्रत्येक खात्याला एक पान: बँक आणि शाखा, खाते क्रमांक, नॉमिनी कोण, कागद कुठल्या कपाटात. पीएफचा यूएएन (म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक), पीपीएफ, पोस्ट, शेअर्सचं डीमॅट खातं, मेडिक्लेम, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावाकडचा सातबारा, सगळं त्यात आलं पाहिजे. कर्जं आणि हातउसने दिलेले पैसेही लिहा. तिथेच लपवालपवी जास्त होते. तिनेही भिशी कोणाकडे, हप्ता किती, उचल झाली का, सोनं लॉकरमध्ये की माहेरी, हे लिहायचं. पिन आणि पासवर्ड मात्र या वहीत नकोत.

मग नॉमिनी तपासा. लग्नाआधी पीएफला आईचं नाव लावलं आणि ते तसंच राहिलं, असं सर्रास दिसतं. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या संस्थेच्या, पोर्टलवर ई-नॉमिनेशन घरबसल्या होतं. बचत खातं दोघांच्या नावे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करून घ्या, म्हणजे दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतो आणि एकाच्या मागे दुसऱ्यालाही. पीपीएफ संयुक्त नावाने उघडता येत नाही, म्हणून तिथे नॉमिनी हवाच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेणारा. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. म्हणून दोघांनीही मृत्युपत्र करा: दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही.

एक महिना कामं बदला. खरी परीक्षा इथे आहे. वही वाचून व्यवहार येत नाहीत. त्या महिन्यात वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, म्युच्युअल फंडातल्या एसआयपीचा हप्ता तिने बघायचा. दूधवाला, गॅस, कामवाल्या मावशींचा पगार त्याने. शेजारी बसून सांगायला हरकत नाही, पण हातातून फोन काढून घ्यायचा नाही. 'दे इकडे, मी करतो' म्हटलं की शिकवणी संपली! फोनचंच बघा: सगळे ओटीपी एकाच नंबरवर येतात आणि त्या फोनचं लॉक दुसऱ्याला उघडता येत नाही, अशी कितीतरी घरं आहेत. दोघांचंही बोट त्या फोनवर नोंदवून ठेवा.

आता निवृत्तीचं गणित, आणि तेही दोनदा. पहिल्यांदा दोघांसाठी. आज घरखर्च महिना ४०,००० असेल आणि महागाई ६ टक्के धरली, तर साधारण १२ वर्षांत तोच खर्च ८०,००० होतो. दुसऱ्यांदा, मागे एकच राहिला असं धरून. हे गणित कोणाला करवत नाही, पण जास्त गरजेचं तेच आहे. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत, पेन्शनरच्या मागे जोडीदाराला सर्वसाधारणपणे निम्मीच पेन्शन मिळते. खर्च मात्र निम्मा होत नाही. मेंटेनन्स तेवढाच, औषधं कदाचित जास्तच.

तूट दिसली तर ती आत्ताच वाटून घ्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साधारणपणे साठीनंतर प्रत्येकी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. नवराबायको दोघंही पात्र असतील तर सगळं एकाच्या नावावर कोंबू नका, स्वतंत्र खाती उघडा. गृहिणीच्या नावे पीपीएफ खातं नसेल तर ते आधी उघडा. १५ वर्षांची मुदत आहे, उशिरा सुरू केलं तर साठीच्या पुढे जाईल.

वही दरवर्षी रिटर्न भरण्याच्या वेळी अद्ययावत करा, कारण तेव्हा कागद बाहेर निघालेलेच असतात. मोठ्या मुलाला किंवा मुलीला आकडे सांगायचे की नाही हे तुम्ही ठरवा. वही कुठे असते, एवढं मात्र सांगून ठेवा.