माजी सैनिकांच्या राज्य सवलतींची पात्रता वाढवून मागताना

माजी सैनिकांच्या एखाद्या सवलतीतून गावातील कोणी वगळले गेले, की ‘सर्वांना लाभ मिळावा’ असे निवेदन लिहून जिल्हाधिकारी कार्यालयात देण्याची आपल्याकडे रीत आहे. निवेदनाची पोच मिळते, फोटो निघतो आणि कागद फायलीत जाऊन पडतो. पात्रता खरोखरच वाढवून घ्यायची असेल, तर कोणत्या शासन निर्णयातील कोणत्या अटीमुळे कोण बाहेर राहिले हे आधी शोधावे लागते आणि मागणी त्या एका अटीपुरतीच करावी लागते.

सुरुवातीला एक भेद स्पष्ट असावा. ‘माजी सैनिक’ कोणाला म्हणायचे ही व्याख्या केंद्र सरकारची आहे आणि ती बदलणे राज्याच्या हातात नाही. मात्र राज्याने स्वतःच्या तिजोरीतून दिलेली सवलत कोणाला द्यायची, हे राज्य ठरवू शकते. घरपट्टीचे उदाहरण पाहावे. पूर्वी ही सूट शौर्यपदकधारक आणि शहीद जवानांच्या पत्नी अशा मोजक्यांनाच होती. 2020 मध्ये राज्य शासनाने ती सर्व माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींपर्यंत वाढवली, आणि त्यासाठी केंद्राच्या व्याख्येला हात लावावा लागला नाही. तटरक्षक दलातून निवृत्त झालेले जवान, जे रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर सहज भेटतात, ते त्या व्याख्येत बसत नाहीत. तरीही केंद्राची प्रधानमंत्री शिष्यवृत्ती योजना त्यांच्या मुलांना लागू आहे. व्याख्येबाहेरचा माणूस योजनेच्या आत घेता येतो, याचा याहून चांगला दाखला निवेदनात देता येणार नाही. 2022 मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी घरी परतणाऱ्या अग्निवीरांनाही माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी काही मागायचे तर वाट हीच आहे.

मात्र निवेदन लिहायला बसण्यापूर्वी अर्ज खरोखर पात्रतेवर नाकारला गेला की कागदावर, हे तपासावे. माझ्या पाहण्यात बहुतेक प्रकरणे दुसऱ्या प्रकारची निघाली. कोकणात लग्नानंतर मुलीचे पाळण्यातले नाव बदलण्याची प्रथा जुनी आहे. परिणामी डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी मिळालेल्या सेवापुस्तिकेत, पत्नी ‘शेवंती’ असते, आधार कार्डावर ‘सुलोचना’ असते आणि पेन्शनच्या कागदावर तिसरेच काही असते. आमच्या शेजारच्या वाडीतील एका आजींनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेले पतीचे डिस्चार्ज बुक काढून दाखवले, तेव्हा पावसाळी ओलीने शाई पसरली होती आणि नेमके नॉमिनीचे पान वाळवीने कुरतडले होते. त्यांना शासन निर्णय बदलून नको होता. सैन्याच्या अभिलेख कार्यालयाकडून (रेकॉर्ड ऑफिस) नावाची दुरुस्ती आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र, एवढेच हवे होते. अशी प्रकरणे यादीतून आधीच बाजूला काढावीत, कारण त्यांच्यामुळे खरी मागणी पातळ होते.

कोकणातली खरी अडचण घराच्या नावाची आहे. नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, घर आजोबांच्या किंवा थोरल्या काकांच्या नावाने असते, वारसांची संख्या वीस-पंचवीस असते आणि निम्मे वारस मुंबईत असतात. निवृत्त सुभेदार त्याच घरात राहतो, घरपट्टीही तोच भरतो, पण सूट मागायला गेला की ग्रामसेवक नावावर बोट ठेवतो. घाटावरच्या गावांतही हे घडते, पण आपल्याकडे ते जवळजवळ घरोघरी आहे. म्हणून मागणी अशी लिहावी: ‘सामाईक घरात माजी सैनिक किंवा त्याची विधवा पत्नी प्रत्यक्ष राहत असल्यास, ग्रामपंचायतीच्या रहिवास दाखल्याच्या आधारे, त्याच्या किंवा तिच्या वाट्याच्या घरपट्टीस सूट द्यावी.’ या वाक्यात कोण, कोणत्या पुराव्यावर आणि किती, हे तिन्ही आले. ‘वाट्याच्या’ हा शब्द गाळू नये. पूर्ण घराची सूट मागितली, तर बिगरसैनिक भावांनाही लाभ जातो असा शेरा हमखास पडतो.

आता आकडा जमवावा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून पंचायत समितीकडे विचारावे की, तालुक्यात सवलतीचे किती अर्ज आले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. सोबत गावोगावची यादी आपण स्वतः करावी. तिच्यात सेवेचा काळ, दल, सेवामुक्तीचे कारण आणि घर कोणाच्या नावे, एवढे रकाने पुरेत. स्वतःच्या विनंतीवरून किंवा शिक्षा म्हणून सेवा सुटली असेल, तर ते लपवू नये. छाननीत ते बाहेर येते आणि सगळ्या यादीवरचा विश्वास उडतो. या कामाला गणपतीचे दिवस उत्तम, कारण चाकरमानी वारस गावी असतात आणि त्यांच्या सह्या एका फेरीत मिळतात. शिमग्यालाही माणसे येतात, पण पालखी सोडून कोणी कागदाकडे बघत नाही.

यादी हाती आली की 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागून ठेवावी. त्यानंतर कागद कोणाकडे जातो हे महत्त्वाचे आहे. ग्रामपंचायत हद्दीतील घरपट्टीचा विषय ग्रामविकास विभागाचा, नगरपरिषदेतील नगरविकास विभागाचा आणि सैनिक कल्याणाच्या योजनांचा सामान्य प्रशासन विभागाचा आहे. तिघांची मागणी एकाच पत्रात घातली, तर प्रत्येक विभाग ते दुसऱ्याकडे सरकवतो. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांमार्फत एक प्रत पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाच्या संचालकांकडे जाऊ द्यावी, कारण मंत्रालय अभिप्राय तिथूनच मागवते. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. बैठकीच्या विषयपत्रिकेवर आपला विषय आला, तर इतिवृत्ताची प्रत घ्यावी.

केंद्राच्या योजनांबद्दल राज्याकडे दाद मागून उपयोग नाही. उदाहरणार्थ, पेन्शन नसलेल्या निराधार वृद्ध माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळणारे अनुदान 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांसाठी महिना 4,000 वरून 8,000 रुपये झाले; रक्कम वाढली, पण 65 वर्षांची अट तशीच राहिली. ती शिथिल करून हवी असल्यास पत्र दिल्लीला आणि खासदारांमार्फत जायला हवे.

आमदारांकडे जाताना चार पानी निवेदन नेऊ नये. शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक, अडवणारी अट, तिच्या जागी सुचवलेले वाक्य आणि तालुक्यातील बाधितांची संख्या असे एकच पान द्यावे, म्हणजे त्यावरून विधिमंडळात तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचना तयार करता येते. हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात नागपूरला भरते आणि प्रश्नांच्या सूचना त्याच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात. तेव्हा हे पान दिवाळीच्या फराळापूर्वीच त्यांच्या स्वीय सहायकाच्या हाती पोहोचलेले असावे.