भारत-फेरीचा शेवटचा टप्पा: या चुका टाळा

दिल्ली, कोलकाता, चेन्नई, मुंबई जोडणारा सुवर्ण चतुष्कोन महामार्ग ५,८४६ किलोमीटरचा. एवढं अंतर सायकलवर शहाण्यासारखं कापलेली माणसं, मुंबईकडे परतताना कोल्हापूर मागे पडलं की अचानक उधळतात. आता बघून वैताग येतो.

मुळाशी बहुतेक वेळा सत्कार असतो. ‘रविवारी सकाळी दहा वाजता, गेटवे ऑफ इंडिया’ असा मेसेज आठवडाभर आधीच ग्रुपवर पडतो. मग हार तयार, मामा-काका तयार, आणि पठ्ठ्या इकडे अंधारात पेडल मारतोय. आमच्याबरोबरच्या एका पोराने हेच केलं. साताऱ्यात त्याचे ब्रेकपॅड बघितले तर झिजून पार कागद. म्हटलं, बदल. “काका, दोन दिवसांचं तर काम राहिलंय!” पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतार, आणि लगेच ते कुप्रसिद्ध एस वळण. तिथे लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि सायकल सामानासकट कडेच्या खडीत. कोपर सोलवटलं, ते भरून येतं. पण मागचे गिअर बदलणारा डिरेल्युअर ज्यावर फ्रेमला अडकवतात, तो हँगर तुटला. हा तुकडा प्रत्येक फ्रेमचा वेगळा; हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे कुठून असणार? शेवटी चेन आखूड करून, एकाच गिअरवर रखडत पुणं गाठलं. हार सुकले.

मी घाटाआधी पॅड बदलतोच, अर्धे शिल्लक असले तरी. जादा हँगर सीटखाली टेपने चिकटवलेला असतो. आणि घरी पोहोचायची वेळ पनवेल आल्यावरच कळवतो. बायको चिडते, चिडू दे.

कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलाकडचा उतार अंधारात उतरू नका. ब्रेक गेलेले ट्रक तिथे काय करतात, ते पेपरात वाचलं असेलच.

मॅप कारवर ठेवलात तर तो एक्स्प्रेसवेवर नेईल. तिथे सायकलला बंदी आहे. लोणावळा-खोपोलीचा जुना रस्ता धरा. सी लिंकवरही सायकल चालत नाही. फोटोसाठी वॉचमनशी हुज्जत घालू नका.

सायकलमधून खुडबुड आवाज आला की गाणी मोठ्याने लावणाऱ्यांना काय सांगावं!

परतीला सायकल ट्रेनने पाठवताना पेडल काढाल, तेव्हा एवढं बघा: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. लांब पाना घेऊन भलतीकडे जोर लावला की क्रँकचे, म्हणजे पेडल बसतं त्या दांड्याचे, आटे गेलेच. उजवं नेहमीसारखं.