भरलेली ट्रॉली घेऊन उतार उतरताना

उसाच्या हंगामात नव्याने ट्रॅक्टरवर बसलेला माणूस चढाला घाबरतो. ओढेल का, तोंड उचलेल का, याचीच धास्ती. पण पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या रस्त्यांवर खरी परीक्षा उताराची असते. चढावर ताकद संपली की इंजिन धापा टाकून तसं सांगतं. उतार आधी काही सांगत नाही.

हिशेब करून बघा. ट्रॅक्टर २ टनांचा, ट्रॉली आणि ऊस मिळून ८ टन. १० मीटरला १ मीटर असा उतार असेल, तर जवळपास १ टनाचा जोर सगळं खाली रेटतो. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, म्हणजे अडवणारी चाकं दोनच, ट्रॅक्टरची मागची. चारचाकी ट्रॉलीचं वजन हुकावर येत नाही, त्यामुळे त्या दोन चाकांवर भार सव्वा टनाच्या आसपास. कोरड्या डांबरावर जेमतेम निभतं. मुरूम, चिखल, ओला रस्ता असला की चाक थांबतं आणि टायर घसरत जातो. ब्रेक दाबा नाहीतर गिअरवर अडवा, जोर त्याच दोन चाकांतून जातो. म्हणून अशा रस्त्याला ऊस कमी भरायचा आणि जोडट्रॉली (एकीमागे एक अशा दोन ट्रॉल्या) असेल तर एक मागे ठेवून दोन खेपा करायच्या. मुकादम कुरकुरेल; कुरकुरू दे.

गिअर माथ्यावरच टाकायचा, पूर्ण थांबून. भरलेली ट्रॉली घेऊन ज्या गिअरमध्ये हाच रस्ता चढला असता, तोच गिअर; शंका वाटली तर एक खालचा. लो-हायचा दांडा लोवर. मध्ये बदलू म्हणाल, तर क्लच दाबताक्षणी इंजिनाची पकड सुटते, ट्रॉली ढकलते, वेग वाढतो, गिअर कर्रकर्र करतो पण पडत नाही आणि तुम्ही न्यूट्रलमध्ये अडकता. डिझेल वाचवायला मुद्दाम न्यूट्रल करणारे हीच आफत हाताने ओढवून घेतात. उतरताना हाताचा ॲक्सिलरेटर पूर्ण कमी, क्लचवर पाय नको. इंजिन जास्तच ओरडायला लागलं तर ब्रेक दाबा, वेग उतरला की सोडा, पुन्हा दाबा. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि पकड सोडतो.

निघण्यापूर्वी ब्रेकची दोन्ही पेडलं जोडणारी पट्टी बघा. शेतात आखूड वळण घ्यायला ती काढतात आणि रस्त्यावर आल्यावर लावायची राहते. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला आडवा करते. पट्टी लावून सपाटीला हळू वेगात ब्रेक मारून बघा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल तर आधी ब्रेक सारखे करून घ्या. वळणाचा ब्रेकही वळणाच्या आधी, ट्रॅक्टर-ट्रॉली एका रेषेत असताना मारायचा.

हुकाची पिन बाहेर काढून बोट फिरवा. मधे झिजून कंबर पडली असेल तर बदला. खाली लॉकची क्लिपच हवी. खिळा किंवा तार चालणार नाही. पिन सुटलीच तर ट्रॉली धरायला सुरक्षेची साखळी वेगळी हवी.

चढाचं थोडक्यात. दोनचाकी ट्रॉलीत भार आसाच्या किंचित पुढे ठेवा. मागे गेला तर ट्रॉलीची दांडी हुक वर उचलते आणि ट्रॅक्टरची चाकं जागीच फिरतात. फार पुढे आला तर स्टिअरिंग हलकं पडतं. मध्येच इंजिन बंद पडलं तर दोन्ही ब्रेक धरून ठेवा, हेल्परला बाजूने जाऊन ट्रॉलीच्या चाकांमागे दगड लावू द्या, मगच पुढचं. मागे सरकत असताना पुढच्या गिअरमध्ये क्लच झटक्याने सोडला तर ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

गाडी पुन्हा चढायला लागली की ते दगड उचलून रस्त्याच्या कडेला टाकायला हेल्परला मागे ठेवा. रात्री मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाहीत.