ग्रुप कोचिंग की टीम कोचिंग? सांगली-कुपवाडच्या कामातून नव्या कोचसाठी

कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतून एखाद्या कारखानदाराचा फोन येतो, तेव्हा त्याची मागणी बहुधा एका वाक्यात मावते: “मॅडम, आमच्या आठ-दहा जणांचं कोचिंग करायचं आहे, कधी येताय?” कोचिंग म्हणजे इथे शिकवणी नव्हे, तर प्रश्न विचारून माणसांना स्वतःचे उत्तर शोधायला मदत करणे. पण एवढ्या मागणीवरून काम कोणते आहे ते कळत नाही, कारण आठ-दहा माणसे एका खोलीत ग्रुप कोचिंगलाही बसतात आणि टीम कोचिंगलाही. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी हा फरक पहिले काम स्वीकारण्याआधीच नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे राहतात.

ग्रुप कोचिंगमध्ये खोलीत जितकी माणसे तितके क्लायंट असतात. प्रत्येकाचे उद्दिष्ट वेगळे असते, प्रत्येक जण स्वतःचा निर्णय घेऊन बाहेर पडतो आणि इतरांच्या सोबतीचा त्याला आधार होतो. टीम कोचिंगमध्ये सगळी माणसे मिळून क्लायंट एकच असतो. तिथे कोचचे लक्ष एकेका माणसापेक्षा त्यांच्यामधल्या व्यवहारावर असते: ते निर्णय कसे घेतात, मतभेद कुठे दाबतात, काम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना काय सांडते. आपल्या भागातले उदाहरण द्यायचे तर मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला जमलेले व्यापारी एकाच ढिगाभोवती उभे असले तरी प्रत्येकाचा हिशेब स्वतःचा असतो. गुऱ्हाळावर मात्र चुलवाणात जाळ घालणारा आणि काहिलीवर नजर ठेवणारा गुळव्या यांच्यापैकी एकाचा अंदाज चुकला तरी गूळ सगळ्यांचाच बिघडतो.

समोर ग्रुप आहे की टीम, हे ओळखण्यासाठी मी फोनवरच दोन प्रश्न विचारते. यांच्यापैकी एक जण महिनाभर रजेवर गेला तर बाकीच्यांचे काम कुठे अडेल? आणि असा एखादा आकडा आहे का, ज्याचे उत्तर या सगळ्यांना मिळून द्यावे लागते? दोन्हींची उत्तरे ठोस आली तर ती टीम आहे. “तसं काही नाही, सगळे हुशार आहेत, पुढे जावेत एवढीच इच्छा” असे उत्तर आले तर तो ग्रुप आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. एकाच खात्यातली माणसे टीम असतीलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. विक्री विभागातले प्रतिनिधी आपापल्या तालुक्यात स्वतंत्रपणे काम करत असतील, तर त्यांचे साहेब एक असूनही तो ग्रुपच असतो.

ग्रुपचे काम जवळून कसे दिसते ते सांगते. वेगवेगळ्या कारखान्यांत नुकतीच सुपरवायझरपदी बढती मिळालेल्या तरुणांचा एक ग्रुप होता. त्यांतल्या एकाचा प्रश्न असा होता की काल ज्यांच्याबरोबर मशीनवर उभे राहून डबा खाल्ला, त्यांना आज ओव्हरटाइमला थांबायला कसे सांगायचे. त्याने प्रश्न मांडताच दोघे-तिघे सल्ला द्यायला सरसावले. अशा वेळी कोचला सल्ल्याचा ओघ थोपवून धरावा लागतो. मी त्यांना एवढेच म्हटले, “दादा, उत्तर नको, त्याला एक प्रश्न विचारा.” मग एकाने विचारले, “तुला त्यांनी थांबायला हवंय, की तुझ्यावर नाराज व्हायला नकोय?” त्या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि पुढे जे बोलला ते त्याचे स्वतःचे होते. ग्रुपमध्ये सहा ते दहा माणसे मला बरी वाटतात, कारण त्याहून जास्त झाली की शेवटच्या दोघांच्या वाट्याला फक्त ऐकणे उरते.

टीमचे काम याहून अवघड आहे आणि मी त्यावर जास्त वेळ देणार आहे. एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंग (वाळूचे साचे), मेल्टिंग (धातू वितळवणे), क्वालिटी आणि डिस्पॅच या विभागांचे प्रमुख आणि मालक असे सगळे टेबलाभोवती बसले होते. ब्लो होलमुळे, म्हणजे आत राहिलेल्या वायूच्या पोकळ्यांमुळे, कास्टिंग (ओतलेले भाग) परत येत होती. क्वालिटीचे प्रमुख माझ्याकडे पाहून म्हणाले, “मोल्डिंगवाले वाळूचा ओलावा वेळेवर तपासत नाहीत.” मोल्डिंगचे प्रमुख त्यांच्या शेजारीच, हातभर अंतरावर बसलेले होते. मी क्वालिटीच्या साहेबांना विनंती केली की हेच वाक्य त्यांनी शेजारी वळून बोलावे. ते आधी मालकांकडे पाहू लागले. मग खुर्ची फिरवून म्हणाले, “साहेब, ओलावा तपासायला तुम्हाला नक्की अडचण कुठं येते?” आरोपाचा प्रश्न झाला होता, आणि उत्तरही तसेच सरळ आले: डिस्पॅचचा क्रम दिवसातून अनेकदा बदलतो, पॅटर्न बदलण्याच्या धांदलीत तपासणी राहून जाते. आणि क्रम बदलत होता तो मालकांच्या फोनवरून. हे सगळ्यांना ठाऊक होते, पण एकत्र बसून कोणी उच्चारलेले नव्हते. सकाळची पाळी सुरू झाल्यावर त्या दिवसाचा क्रम बदलायचा नाही, हा नियम त्यांनीच ठरवला. या प्रसंगात मी वाळूबद्दल एक अक्षरही बोलले नाही. कोणी कोणाशी बोलायचे टाळत होते, तेवढेच मी त्यांच्यासमोर ठेवले.

आपल्याकडे मालकांसमोर मोकळे बोलण्याची सवय कमी असते, म्हणून टीमचे काम घेण्यापूर्वी मालकांशी वेगळी बैठक घेऊन काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. मालक टीमचा भाग म्हणून बसणार की बाहेर राहणार, हे आधी स्पष्ट व्हावे. बसणार असतील तर ते शेवटी बोलतील, असा शब्द घ्यावा. गोपनीयतेचा करारही दोन्ही प्रकारांत वेगळा असतो. ग्रुपमध्ये बोललेले ग्रुपपाशीच राहते आणि कंपनीला मी हजेरीपलीकडे काही कळवत नाही. टीममध्ये मात्र बाहेर काय सांगायचे ते टीमनेच एकत्र ठरवायचे असते. टीममधला एखादा सदस्य चहाच्या वेळी कोपऱ्यात घेऊन “हे फक्त तुमच्यापुरतं” असे सांगू लागला, तर त्याला तिथेच आदराने थांबवावे. अशी गुपिते साठली की कोच त्या टीमच्या राजकारणात ओढला जातो.

वेळेचे गणितही वेगळे आहे. हॅकमन आणि वेगमन या अभ्यासकांनी 2005 साली मांडले की टीमला सुरुवातीला उमेद आणि बांधिलकीशी निगडित मदत उपयोगी पडते, कामाच्या मध्यावर कार्यपद्धती तपासणारी, आणि एक टप्पा संपल्यावर त्यातून शिकण्याची. कारखान्यांतल्या कामात मला हे पटत गेले आहे. ऑर्डर भरात असताना शिकवण लक्षात राहत नाही, पण पद्धत बदलण्याची तयारी तेव्हाच असते. याच अभ्यासकांनी असेही म्हटले आहे की टीमची रचनाच सदोष असेल तर कोचिंगचा उपयोग फारसा होत नाही. एका माणसाला दोन साहेब असतील, तर आधी ते मालकांना सांगावे.

शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगते. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही 1995 साली स्थापन झालेली कोचची संस्था असून तिच्या प्रमाणपत्रांतल्या एसीसी या पहिल्या पायरीसाठी किमान 60 तासांचे शिक्षण आणि 100 तासांचा अनुभव लागतो. टीम कोचिंगसाठीच्या क्षमता तिने 2020 मध्ये वेगळ्या प्रसिद्ध केल्या आणि पुढे त्यासाठी एसीटीसी हे स्वतंत्र प्रमाणपत्र ठेवले, जे आधीची एखादी पायरी चढलेल्यांनाच मिळते. याचा अर्थ एकेकट्या माणसाशी काम करण्याचा पाया आधी पक्का असावा लागतो. माझा सल्ला असा की वैयक्तिक कोचिंगनंतर ग्रुप घ्यावा आणि पहिली टीम एखाद्या अनुभवी कोचच्या जोडीने घ्यावी. टीमच्या बैठकीत एक जण बोलत असताना बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर काय चालले आहे हे एकट्याने टिपणे सुरुवातीला जमत नाही. जोडीदार असेल तर एकाने संवाद चालवावा, दुसऱ्याने फक्त पाहावे, आणि बैठक संपल्यावर त्याच दिवशी दोघांनी आपापली टिपणे समोरासमोर ठेवावीत.