अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण कमी करताना

प्रथम आवाज नेमका कोठून येतो ते तपासावे. स्पीकरची वायर काढूनही अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीतून घुमणारा आवाज येत राहिला, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचा, म्हणजे त्यातील लोखंडी भागाचा आहे. स्पीकरमधून येणाऱ्या गुणगुणीची कारणे वेगळी असतात.

टोरॉइडल म्हणजे कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हा त्रास अधिक जाणवतो, कारण त्याच्या गाभ्यात हवेची फट नसल्यामुळे वीजपुरवठ्यात मिसळलेला थोडासा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) अंशही गाभा एका बाजूने संपृक्त करतो, म्हणजे त्याला चुंबकत्वाच्या मर्यादेपर्यंत नेतो, आणि गाभा जोराने थरथरू लागतो. डायोडद्वारे (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाद्वारे) विजेची अर्धीच लहर वापरणारी उपकरणे, उदाहरणार्थ कमी उष्णतेवर चालणारे काही हेअर ड्रायर, हा अंश निर्माण करतात. म्हणून घरातील उपकरणे एकेक करून बंद करावीत आणि पेटीजवळ कान देऊन ऐकावे. दोषी उपकरण सापडले, तर बहुधा आणखी काही करावे लागत नाही.

ते शेजारच्या घरात असेल, तर योग्य क्षमतेचा तयार डीसी ब्लॉकर (डीसी अंश अडवणारे उपकरण) वीजपुरवठा आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधे जोडावा. पुरवठ्याचा व्होल्टेज जास्त असल्यासही गाभा गुणगुणतो. तोही मोजून घ्यावा. अर्थिंगची वायर मात्र कधीही काढू नये, त्यात जिवाला धोका आहे.